वरचा स्वर कुणाचा, खालचा कुणाचा

व्हायोलिनच्या ओळीत एकाच ठिकाणी दोन स्वर एकावर एक लिहिलेले दिसले, की वाजवणारा थबकतो. हे दोन्ही स्वर मी वाजवायचे, की वरचा माझा आणि खालचा शेजारच्याचा? शंका रास्त असते. व्हायोलिनवर दोन तारांवरून एकदम गज फिरवून दोन स्वर काढता येतात, त्यामुळे दोन्ही अर्थ शक्य असतात. लिहिणाऱ्याच्या डोक्यात उत्तर पक्कं असतं, पण कागदावर ते उतरलेलं नसतं. मग तालमीत कुणीतरी गज वर करून विचारतं, सगळे थांबतात, आणि रेकॉर्डिंग असेल तर स्टुडिओचं भाडं चालूच राहतं. संगणकावर वाद्यवृंदाचं नोटेशन लिहू पाहणाऱ्या मराठी मुलामुलींसाठी केलेलं हे छोटं पुस्तक या एका प्रश्नाभोवती फिरतं.

ज्यांना वाद्यवृंदाची सवय नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी. ‘पहिली व्हायोलिनं’ हा मोठ्या वाद्यवृंदात बारा, चौदा, कधी सोळा जणांचा गट असतो. दोघांना मिळून एक स्टँड आणि त्यावर एकच कागद. श्रोत्यांच्या बाजूला बसतो तो बाहेरचा, पलीकडचा आतला. एरवी हे सगळे जण तीच ओळ वाजवतात, आणि बारा गजांतून निघणाऱ्या त्या एका स्वराला जी मऊ, रुंद झिलई येते ती एकट्या व्हायोलिनला येत नाही. संगीतकाराला या गटाकडून एका वेळी दोन स्वर हवे असतील तर तो ओळीवर ‘डिव्ह.’ लिहितो, म्हणजे डिव्हिजी. निम्मे वर, निम्मे खाली. तीन वाटे हवे असतील तर तसा आकडा घालतो. पुन्हा सगळ्यांना एका ओळीवर आणायचं असेल तर ‘युनिस.’ लिहितो. आणि प्रत्येकानं दोन्ही स्वर वाजवावेत अशी इच्छा असेल तर ‘नॉन डिव्ह.’. चिन्हं एवढीच. बाकीचं सगळं ती कुठे घालायची, कुठे काढायची आणि त्यामागे माणसांचा काय हिशेब धरायचा, याचं आहे.

एक उदाहरण अगदी जवळून पाहू. व्हायोलिनच्या चार तारा खालून वर जी, डी, ए, ई अशा. आता मधला डी आणि त्याच्या वरचा बी हे दोन स्वर एकत्र लिहिले. डी ही मोकळी तार, बी शेजारच्या ए तारेवर पहिल्या बोटाखाली. कुणीही सहज एकटा वाजवेल. त्याच ओळीत पुढच्या मात्रेला सगळ्यात खालचा ए आणि त्यावरचा सी आला. हे दोन्ही स्वर फक्त जी तारेवर निघतात, आणि एका तारेवरून एका वेळी दोन स्वर काढता येत नाहीत. इथे वाटणी करण्यावाचून गत्यंतर नाही. ओळीवर काहीच लिहिलेलं नसेल तर पहिल्या मात्रेला गटातला प्रत्येक जण दोन्ही स्वर वाजवेल आणि दुसऱ्या मात्रेला गोंधळून कुणी वरचा धरेल, कुणी खालचा. ऐकणाऱ्याला आवाज अचानक पातळ झाल्यासारखा वाटेल आणि कारण कळणार नाही. ‘डिव्ह.’ या एका खुणेनं हे सगळं टळतं.

आपल्याकडे हा प्रश्न नवा आहे, आणि त्याचं कारण आपल्या संगीतातच आहे. विष्णु नारायण भातखंडे (1860–1936) आणि विष्णु दिगंबर पलुसकर (1872–1931) यांनी आपापल्या स्वरलेखनपद्धती बसवल्या त्या रागातल्या बंदिशीसाठी. बंदिशीत एका वेळी एकच स्वर चाललेला असतो. सा, रे, ग, म, खाली मात्रा, वर-खाली सप्तकाचं टिंब, एवढ्यात ती बंदिश कागदावर उभी राहते आणि शिकणाऱ्याला पुरते. भजनी मंडळात बुवांच्या मागून वीस जण गातात तेव्हा ते तीच ओळ गातात. साथीचं व्हायोलिन गायकाच्या मागोमाग जातं. गजाननराव जोशी, श्रीधर पार्सेकर, व्ही. जी. जोग, डी. के. दातार, प्रभाकर जोग या मंडळींनी महाराष्ट्रात व्हायोलिनला जे स्थान मिळवून दिलं ते गाणाऱ्या, एकट्या व्हायोलिनला. दहा व्हायोलिनं एकत्र बसवून त्यांचे तीन वाटे करायचे, हा विचार आपल्याकडे आला तो सिनेमाच्या वाटेनं.

तो आला कसा, ते सांगताना नागपूरचं नाव घ्यावंच लागतं. शंकरराव सप्रे यांच्याकडे नागपुरात गाणं शिकलेल्या दोन मुलांपैकी एक पुढे पंडित वसंतराव देशपांडे झाले आणि दुसरा, राम चितळकर, हा सी. रामचंद्र. चाली सी. रामचंद्रांच्या, पण त्यांच्या भोवतीचा वाद्यांचा साज उभा करण्यात गोव्यातल्या हळदोण्याचे अंतोनियो झेवियर वाझ, म्हणजे चिक चॉकलेट, यांचा मोठा हात होता. ‘अलबेला’ (1951) हे त्यातलं ठळक उदाहरण. मुंबईच्या स्टुडिओंत ही जोडणी सगळीकडे दिसायची. चाल सुचणारा माणूस हिंदुस्थानी तालमीतला, आणि ती चाल पाच ओळींच्या स्टाफवर उतरवून व्हायोलिन, चेलो, ट्रम्पेट यांत वाटणारा अरेंजर बहुधा गोव्याचा. पोर्तुगीज काळात गोव्यातल्या चर्चच्या शाळांत मुलांना लहानपणापासून स्वरलिपी वाचायला शिकवत. ती मुलं मुंबईला आली ती कागद वाचण्याची कला घेऊनच. सॅबॅस्टियन डिसोझांनी शंकर-जयकिशन आणि ओ. पी. नय्यर यांच्यासाठी जे तंतुवाद्यांचे थर रचले ते आजही कानात राहतात. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस (1927–2012) यांनी 1958 मध्ये इंडियन सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला आणि रागसंगीताला सिम्फनीच्या आकारात बसवून पाहिलं. प्यारेलाल त्यांचे शिष्य. ‘अमर अकबर अँथनी’तल्या गाण्यात गोन्साल्विसांचं नाव आलं ते गुरूची आठवण म्हणून.

या मंडळींच्या हाताखालून किती कागद गेले असतील! त्यांना एक मोठी सोय होती. कागद लिहिणारा आणि वाजवणारे एकाच खोलीत असत. अरेंजर स्वतः समोर उभा, आणि वादक तर त्याच्या गावचा, कधी त्याच्या घरातला. खुणा लिहायच्या राहिल्या तरी बाहेरच्यानं वरचा स्वर घ्यायचा, आतल्यानं खालचा, हे ठरलेलंच होतं. शंका आली तर कोकणीत एका वाक्यात मिटायची. कागद अर्धवट असला तरी माणसं पुरी होती.

आज ही परिस्थिती उलटी झाली आहे, आणि हे पुस्तक कोराडीहून लिहिलं जातंय त्याला म्हणूनच अर्थ आहे. इथे जगदंबेचं मंदिर आहे, तलाव आहे, वीज केंद्राच्या चिमण्या आहेत. तंतुवाद्यांचा वाद्यवृंद नाही. नवरात्रात यात्रेतल्या ध्वनिक्षेपकावरून देवीची गाणी लागतात, त्यांत ‘व्हायोलिनं’ भरपूर ऐकू येतात, पण ती कीबोर्डचं ‘स्ट्रिंग्ज’चं बटण दाबून काढलेली. इथल्या मुलाचा कान या आवाजावर घडतो. त्याच्याकडे लॅपटॉप असतो, नोटेशनचं सॉफ्टवेअर असतं, आणि खरं व्हायोलिन वाजवणारी आठ माणसं मात्र मुंबईत नाही तर त्याहूनही लांब. त्यानं लिहिलेला कागद ईमेलनं जातो. तो अनोळखी लोकांपुढे स्टँडवर उघडतो तेव्हा समजावून सांगायला लिहिणारा तिथे नसतो. जे म्हणायचं ते त्या कागदानंच म्हणायचं.

मोठ्या प्रमाणावरही हेच घडतंय. ‘हे राम’ (2000) साठी इलैयाराजांनी वाद्यवृंद वाजवून घेतला तो बुडापेस्टमध्ये. अजय-अतुल यांनी ‘सैराट’ (2016) चा वाद्यवृंद रेकॉर्ड केला लॉस एंजेलिसच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर. मराठी चित्रपटाच्या गाण्यामागे हॉलिवूडच्या वादकांचा ताफा उभा राहिला, आणि त्या वादकांना मराठीचा गंध नसताना त्यांनी ते नेमकं वाजवलं ते समोरचा कागद नेमका होता म्हणून. अशा ठिकाणी घटकेघटकेला पैसे मोजावे लागतात. तिथे एका अस्पष्ट ‘डिव्ह.’साठी थांबणं कुणालाही परवडत नाही.

युरोपात ही वाटणीची कला किती लांब गेली आहे याची कल्पना असावी. वॅगनरच्या ‘लोहेन्ग्रिन’ (1850) च्या आरंभी व्हायोलिनंच व्हायोलिनं आहेत. चार एकटी आणि उरलेल्यांचे चार वाटे, सगळं उंचावर. देब्युसीनं ‘ला मेर’मध्ये चेलोंचे चार वाटे केले आणि त्यासाठी सोळा चेलो मागितले, म्हणजे प्रत्येक वाट्याला चार. स्ट्राउसची ‘मेटामॉर्फोझेन’ (1945) तेवीस तंतुवाद्यांसाठी आहे आणि तिथे प्रत्येकाची ओळ स्वतंत्र. लिगेटीच्या ‘अ‍ॅटमॉस्फिअर्स’ (1961) मध्ये तर पूर्ण वाद्यवृंदातल्या प्रत्येक तंतुवादकाला त्याची स्वतःची ओळ आहे. अशा स्कोअरचं पान प्रचंड उंच होतं. आपल्या वाचकाला याची गरज लगेच पडणार नाही. पण देब्युसीनं आधी माणसं मोजली आणि मग वाटे केले, ही गोष्ट पहिल्या दिवसापासून लक्षात ठेवण्यासारखी आहे.

आता सॉफ्टवेअरकडे. फिनाले 1988 मध्ये आलं आणि साडेतीन दशकं चाललं. 2024 च्या ऑगस्टमध्ये कंपनीनं त्याचं काम थांबवल्याचं जाहीर केलं आणि जगभरच्या अरेंजरांवर आपल्या जुन्या फाइली वाचवण्याची वेळ आली. सिबेलियस बेन आणि जोनाथन फिन या इंग्लंडमधल्या जुळ्या भावांनी केलं. ते 1993 मध्ये एकॉर्न संगणकांवर आलं आणि पुढे विंडोजवर पसरलं. त्याचं लंडनचं ऑफिस 2012 मध्ये बंद झालं तेव्हा तिथली मंडळी डॅनियल स्प्रेडबरी यांच्यासह स्टाइनबर्ग कंपनीत गेली आणि 2016 मध्ये त्यांनी डोरिको आणलं. म्युझस्कोर मात्र फुकट आहे, मुक्त आहे, आणि विद्यार्थ्यानं सुरुवात त्यातच करावी असं माझं स्पष्ट मत आहे. लिलीपाँडही फुकट आहे, पण त्यात स्वर टाइप करून लिहावे लागतात आणि त्याची गोडी लागायला वेळ जातो.

विभागलेल्या ओळीच्या बाबतीत या सगळ्यांत एक मूलभूत फरक आहे. बहुतेक सॉफ्टवेअरांच्या लेखी ‘डिव्ह.’ ही स्टाफवर ठेवलेली अक्षरं असतात. स्वर कुणाचे, याचा त्यांना पत्ता नसतो. तुम्ही पहिल्या आवाजात, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या ‘व्हॉइस’मध्ये, वरची ओळ लिहिता, तिच्या दांड्या वर. दुसऱ्या आवाजात खालची, तिच्या दांड्या खाली. वाचणाऱ्याला दोन ओळी वेगळ्या दिसतात. दोन्हींची लय सारखी असेल तर एकाच दांडीला दोन स्वर लावूनही भागतं, मात्र तिथे ‘डिव्ह.’ची खूण हवीच. लय वेगळी झाली, ओळी एकमेकींना ओलांडू लागल्या, वरच्या ओळीत शार्प आणि खालच्या ओळीत फ्लॅट एकमेकांना खेटून आले, की एका स्टाफवर ही गर्दी वाचता येत नाही. मग दोन स्टाफ करावे लागतात. हा दुसरा स्टाफ स्वतंत्र वाद्य म्हणून जोडू नये. त्याच वाद्याला दुसरा स्टाफ द्यावा आणि रिकामा असेल तिथे तो लपवावा. स्वतंत्र वाद्य केलं तर वादकांचे कागद, म्हणजे पार्ट, काढताना दोन वेगळे निघतात, आणि एका स्टँडवर बसलेल्या दोघांना दोन कागद कुठे ठेवायचे हा प्रश्न उभा राहतो.

डोरिकोनं 2018 च्या दुसऱ्या आवृत्तीत हा विषय वेगळ्या तऱ्हेनं हाताळला. त्यात व्हायोलिनांचा गट हा मुळातच गट म्हणून मांडलेला असतो. तो कुठल्या मात्रेपासून विभागायचा आणि कुठे पुन्हा एक करायचा एवढं सांगितलं, की स्टाफ आपोआप वाढतात आणि मिटतात, खुणा आपोआप येतात. त्यातला एक बारकावा मला फार आवडतो. वाटणी पानावरच्या एखाद्या ओळीच्या मध्येच संपली, तर उरलेल्या ओळीत दोन्ही स्टाफवर तेच एकत्र स्वर छापले जातात. वादकानं खालच्या स्टाफवरून डोळा वर नेऊन पुढचं शोधत बसायला नको. हातानं कागद उतरवणारे जुने कॉपिस्ट हीच काळजी घेत. म्युझस्कोरमध्ये हे स्वतः चिकटवावं लागतं. थोडे कष्ट पडतात, पण का चिकटवायचं ते कळलेलं असलं की जमतं. बटणांची नावं दर आवृत्तीला बदलतात, म्हणून पुस्तकात त्यांच्यावर कमीत कमी पानं खर्च केली आहेत.

जास्त पानं गेली आहेत ती वजनाच्या हिशेबावर, कारण संगणक तिथे सगळ्यात जास्त फसवतो. समजा आठ व्हायोलिनं आहेत. सगळी एका ओळीवर, तर त्या ओळीला आठांचं बळ. तीन स्वरांचा कॉर्ड लिहिला आणि त्यांचे तीन वाटे केले तर तीन, तीन आणि दोन. दोघांकडे कुठला स्वर द्यायचा? वरचा स्वर कानाला आपोआप लागतो, त्यामुळे दोघांवर तो बहुतेक वेळा निभावतो. पण चाल वरच्या स्वरात असेल तर तिथे तिघे हवेत. हे ठरवून पार्टमध्ये लिहावं लागतं, नाहीतर वादक आपापसांत ठरवतात आणि प्रत्येक वेळी वेगळं ठरवतात. आता हाच कॉर्ड संगणकावर ऐका. संगणकातला व्हायोलिनांचा आवाज बहुधा पूर्ण गटाचा रेकॉर्ड केलेला असतो. एक स्वर दाबला की तो पूर्ण गट वाजतो, तीन दाबले की तीन पूर्ण गट वाजतात. समजा तो गट सोळांचा असेल, तर स्पीकरमधून अठ्ठेचाळीस व्हायोलिनं येतात आणि स्टुडिओत बसलेली असतात आठ. घरी जे भरगच्च वाटलं ते तिथे विरळ का वाटलं, याचं उत्तर या गुणाकारात आहे. यात्रेतल्या कीबोर्डवर घडलेल्या कानाला तर हा फरक ओळखूच येत नाही, कारण त्यानं कायम गुणाकारच ऐकलेला असतो. विभागलेले गट वेगळे रेकॉर्ड केलेल्या साउंड लायब्ररी मिळतात, पण त्या महाग आहेत. विद्यार्थ्यानं निदान वाटणीच्या जागी आवाजाची पातळी हातानं उतरवून ऐकावं. निम्म्या माणसांचा स्वर थोडा मवाळ ऐकायची सवय लागली, की तो विनाकारण वाटे करणं आपोआप कमी करतो.

आणि वाटे करण्याआधी हातात काय आहे ते पाहावं. पहिली व्हायोलिनं, दुसरी व्हायोलिनं, व्हायोला, चेलो, डबल बास. पाच गट, म्हणजे कुणालाही न विभागता पाच स्वर. माझ्याकडे वाचायला येणाऱ्या वह्यांमध्ये पहिल्या व्हायोलिनांचे तीन तुकडे केलेले असतात आणि दुसरी व्हायोलिनं तेवढ्यापुरती मोकळी बसलेली असतात. ती ओळ त्यांना द्या, पहिल्यांना अखंड ठेवा. छोट्या गटासाठी लिहिताना तर वाटणी अगदी जपून वापरावी. चार जणांचे चार वाटे केले की तो गट उरत नाही, चार एकटी माणसं उरतात. प्रत्येकाचा सूर उघडा पडतो आणि गटानं वाजवताना येणारी ती मऊ झिलई जाते. कधी तेच हवं असतं. मग ‘सोलो’ लिहावं आणि उरलेल्यांनी काय करायचं तेही लिहावं.

एक मुद्दा मात्र जरा सविस्तर सांगतो, कारण त्याकडे फार कमी जणांचं लक्ष जातं. पान उलटण्याचं काम स्टँडवरच्या आतल्या वादकाचं. तो उलटतो, तेवढा वेळ बाहेरचा वाजवत राहतो. एरवी यानं बिघडत नाही, कारण दोघांची ओळ एकच असते. पण नेहमीच्या रीतीनं वाटणी केली असेल, म्हणजे वरचा स्वर बाहेरच्याचा आणि खालचा आतल्याचा, आणि पान नेमकं वाटणीच्या मधोमध संपलं, तर काय होईल? सगळ्या स्टँडवर कागद तोच, पान संपतं तेही त्याच मात्रेला. सगळे आतले वादक एकदम गज खाली ठेवून पान उलटतात आणि खालची ओळ दोन मात्रा गायब होते. संगणकावर ऐकताना हे कधीच कळणार नाही, कारण संगणक पान उलटत नाही. यावर दोन उपाय. एक तर पार्टची पानं अशी बसवायची की वाटणीच्या जागी पान संपणार नाही. ते जमत नसेल तर वाटणी स्टँडप्रमाणे करायची. पहिला आणि तिसरा स्टँड वर, दुसरा आणि चौथा खाली. मग पान उलटताना दोन्ही ओळींचं निम्मं बळ शिल्लक राहतं. स्टँडप्रमाणे वाटणीची सूचना अर्थातच कागदावर स्पष्ट लिहायची, कारण न लिहिता कुणी ती गृहीत धरत नाही.

हे सगळं कळायला प्रत्यक्ष वाद्यवृंदापुढे बसणं हा सगळ्यात चांगला मार्ग. मुंबईला एनसीपीएमध्ये 2006 पासून सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे, आणि जमेल त्यानं एकदा तरी तिथे जाऊन शक्यतो बाजूच्या खुर्चीवरून व्हायोलिनांचे स्टँड पाहावेत. कुणाचा गज कधी थांबतो, पान कोण उलटतं, वाटणी आली की शेजारी बसलेल्या दोघांची बोटं कशी वेगळी पडतात, हे डोळ्यांना दिसतं. ज्यांना इतक्यात जाणं शक्य नाही त्यांनी आपल्या लॅपटॉपशेजारी एक कोरा कागद ठेवावा आणि त्यावर आठ चौकोन काढावेत, दोन-दोनच्या चार जोड्या. वाटणी लिहिली की प्रत्येक चौकोनात स्वराचं नाव लिहावं. एखाद्या चौकोनात काय लिहायचं ते ठरवता येत नसेल तर वादकालाही ते कळणार नाही. ती जागा तिथल्या तिथे दुरुस्त करावी.

पुस्तकातले सगळे नमुने मुद्दाम छोट्या गटासाठी आहेत. चार पहिली, चार दुसरी व्हायोलिनं, तीन व्हायोला, दोन चेलो, एक डबल बास. एवढी माणसं जमवणं आपल्याकडच्या निर्मात्याला शक्य असतं. नमुने म्युझस्कोरमध्ये केले आहेत आणि म्युझिकएक्सएमएल या सामाईक स्वरूपात साठवले आहेत, त्यामुळे ते इतर सॉफ्टवेअरमध्येही उघडतात. पहिल्या तीन नमुन्यांत एकही वाटणी नाही. ते आधी पुरे करावेत, पाच गटांत पाच स्वर बसवून पाहावेत आणि मगच चौथ्याकडे वळावं, जिथे तीन व्हायोलांचे दोन वाटे करायचे आहेत आणि एकटा कोण पडणार ते विद्यार्थ्यानं ठरवायचं आहे.

कोराडी, जि. नागपूर